चिमूटभर धूप आणि सरकारी दाखला: कार्थेजच्या छळकाळाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चर्चच्या अभ्यासवर्गात सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या छळाचा विषय निघाला की प्रश्न ठरलेलेच येतात: सिंह, भुयारं, नीरो. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आखाडा असतो. ज्यांनी ते दिवस काढले त्यांचा बराचसा वेळ मात्र तुरुंगात जेवण पोचवण्यात, सरकारी कागदांत आणि छळापुढे मोडलेल्या माणसाला पुन्हा पंगतीला घ्यायचं की नाही या भांडणात गेला. म्हणून इथली बहुतेक उत्तरं मी एकाच मुलखातून दिली आहेत. तो मुलूख म्हणजे रोमन आफ्रिका, आणि त्याची राजधानी कार्थेज, आजच्या ट्युनिस शहराला लागून. या मुलखातली माणसं कागद जपून ठेवणारी होती. त्याचा फायदा आपल्याला होतो.

छळ सलग तीनशे वर्षं चालला का?

नाही. मधली कितीतरी वर्षं शांततेत गेली. ख्रिस्ती माणूस बाजारात दुकान मांडत होता, शेजाऱ्याच्या लग्नाला जात होता, सैन्यातही होता. सम्राट नीरोने इ. स. ६४ मध्ये रोमच्या आगीनंतर जे केलं ते रोम शहरापुरतं होतं. पुढची दोनएकशे वर्षं सगळं स्थानिक होतं: एखाद्या शहरात जमाव भडकला, एखाद्या शेजाऱ्याने चुगली केली, एखादा सुभेदार कडक निघाला, की मग पकडापकडी. संपूर्ण साम्राज्याला लागू असे हुकूम निघाले ते तीनदाच म्हणता येतील. सम्राट डेसियसचा २५० च्या सुमारास, व्हॅलेरियनचे २५७ आणि २५८ साली, आणि डायोक्लेशियनच्या काळातले, २३ फेब्रुवारी ३०३ पासून पुढे.

पण "सलग नव्हता" म्हणजे "फार काही नव्हतं" असं नाही. टांगती तलवार रोज पडत नाही, पण तिच्याखाली बसलेल्याला झोप लागत नाही.

रोमन लोक तर शंभर देव मानायचे. मग एक आणखी का चालला नाही?

एक आणखी चालला असता. अडचण होती ती बाकीच्या शंभरांना नाकारण्याची. रोमन माणसाच्या लेखी देवांना नैवेद्य देणं ही खासगी श्रद्धेची बाब नव्हती, गावकीचं काम होतं. पाऊस, पीक, लढाईतला जय हे सगळं देव राजी असण्यावर अवलंबून. गावातली एक आळी म्हणाली की आम्ही ग्रामदैवताच्या जत्रेला वर्गणीही देणार नाही आणि पायाही पडणार नाही, तर दुष्काळात लोक कुणाकडे बोट दाखवतील? यहुद्यांना सूट होती, कारण त्यांचा धर्म वाडवडिलांपासूनचा होता आणि रोमन लोक जुन्याला मान देत. ख्रिस्ती हे नवे, त्यात वाडवडिलांची रीत सोडलेले.

कार्थेजचाच तेर्तुल्यान हा लेखक यावर चिडून लिहितो: तिबर नदी भिंतींपर्यंत चढली, नाईलचं पाणी शेतात चढलं नाही, आभाळ थांबलं, धरणी हलली, दुष्काळ आला, रोग आला, की लगेच आरोळी उठते, ख्रिस्त्यांना सिंहाकडे द्या! आणि पुढे विचारतो, इतके सगळे? एकाच सिंहाला?

कायद्याची गंमतही त्यानेच दाखवली. ११२ च्या सुमारास प्लिनी नावाच्या सुभेदाराने सम्राट ट्रेजनला विचारलं होतं की या लोकांचं काय करू. उत्तर आलं: शोधत फिरू नका, पण कुणी पकडून आणलं आणि त्याने नाकारलं नाही तर शिक्षा द्या, नाकारलं आणि देवांची पूजा केली तर सोडून द्या. तेर्तुल्यानचा सवाल असा की गुन्हेगार असेल तर शोधत का नाही, आणि नसेल तर शिक्षा कसली?

त्यांच्याकडून नेमकं काय करून घ्यायचे?

फार थोडं, आणि खरी गोम इथेच आहे. वेदीवर चिमूटभर धूप टाकायचा, थोडं मद्य ओतायचं, सम्राटाच्या कल्याणाची शपथ घ्यायची. पाच मिनिटांचं काम. बरेच अधिकारी मनापासून समजावत असत की बाबा, एवढं कर आणि घरी जा.

१७ जुलै १८० रोजी कार्थेजमध्ये स्किली नावाच्या लहानशा गावच्या लोकांचा खटला चालला. त्याची नोंद जेमतेम पानभर आहे. सुभेदार सातुर्निनस म्हणाला, तीस दिवस घ्या, विचार करा. त्यांच्यातला स्पेरातुस म्हणाला, इतक्या सरळ गोष्टीत विचार कसला करायचा. मग सुभेदाराने विचारलं, त्या पेटीत काय आहे? उत्तर आलं: पुस्तकं, आणि पौल नावाच्या एका नीतिमान माणसाची पत्रं. दोनाता नावाची बाई म्हणाली, कैसराला कैसर म्हणून मान, पण भय फक्त देवाचं. सात पुरुष आणि पाच बायका, बाराही जणांना तलवारीची शिक्षा झाली. ती ऐकून ते म्हणाले, देवाचे आभार.

मला त्यातली पेटी विसरता येत नाही. खेड्यातली माणसं, मरणाच्या खटल्याला आली, तर बरोबर पुस्तकं घेऊन.

पर्पेतुआ कोण होती? तिचं नाव मिस्सात ऐकलं आहे.

बरोबर. कॅथलिक मिस्साच्या, म्हणजे मुख्य उपासनेच्या, पहिल्या कृतज्ञतास्तुतीत, रोमन प्रार्थनेत, जी संतांची नावं येतात त्यांत फेलिसिटी आणि पर्पेतुआ आहेत, सिप्रियानही आहे. वसईत किंवा गोव्यात लहानपणापासून ती नावं कानावर पडतात आणि तशीच पुढे निघून जातात.

विबिया पर्पेतुआ बावीस वर्षांची, चांगल्या घराण्यातली, शिकलेली, अंगावर पिणारं बाळ असलेली. २०३ साली कार्थेजला तिला पकडलं. तेव्हा तिचा स्नानसंस्कारही (बाप्तिस्मा) झाला नव्हता, ती दीक्षार्थी होती. तो तिने कैदेत घेतला. तुरुंगातल्या दिवसांची हकिगत तिने स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवली, आणि शेवटच्या दिवसाचं वर्णन दुसऱ्या कुणी पुढे जोडलं. त्या काळातल्या बाईच्या हातचं इतकं लांब, इतकं घरगुती लिखाण फारच थोडं उरलं आहे.

ती वीरश्रीच्या भाषेत लिहीत नाही. तुरुंगाबद्दल म्हणते, मी घाबरले, असा अंधार कधी पाहिला नव्हता. उकाडा, गर्दी, शिपायांची दमदाटी, आणि सगळ्यात वर बाळाची काळजी. तेर्तियुस आणि पोंपोनियुस या दोन डीकनांनी, म्हणजे मंडळीच्या सेवकांनी, पहारेकऱ्यांना पैसे चारले, तेव्हा काही तास बऱ्या जागेत बसायला मिळालं. तिथे तिने उपाशी बाळाला पाजलं. पुढे बाळाला जवळ ठेवायची परवानगी मिळाली आणि ती लिहिते, तुरुंग मला एकदम राजवाड्यासारखा वाटू लागला. दुसरीकडे कुठे असण्यापेक्षा इथेच बरं.

तिच्या वडिलांचा भाग इतका का सांगितला जातो?

कारण तिची खरी परीक्षा तिथे झाली. जनावरांपुढे जाणं एका दुपारचं होतं, बाप मात्र पुन्हा पुन्हा येत होता.

पहिल्यांदा तो आला तेव्हा तिने तिथे पडलेल्या एका भांड्याकडे बोट दाखवलं. बाबा, ही सुरई दिसते ना? दिसते. हिला सुरईशिवाय दुसरं काही म्हणता येईल? नाही. तर मग मी जी आहे तिच्याशिवाय मलाही दुसरं काही म्हणवून घेता येत नाही. मी ख्रिस्ती आहे. बाप डोळे उपटायला आल्यासारखा अंगावर धावला, आणि मग निघून गेला. तो काही दिवस आला नाही तेव्हा आपल्याला हायसं वाटलं, असंही ती लिहिते.

दुसऱ्यांदा तो थकून आला. माझ्या पिकल्या केसांची दया कर, म्हणाला. तुझ्या आईकडे बघ, मावशीकडे बघ, तुझ्याशिवाय जगू न शकणाऱ्या या लेकराकडे बघ. तिचे हात धरून त्यांचे मुके घेतले, पाया पडला, आणि मुलगी न म्हणता "बाईसाहेब" म्हणाला. खटल्यात हिलारियानुस नावाच्या अधिकाऱ्याने तेच विचारलं: बापाच्या म्हातारपणासाठी, पोरासाठी, सम्राटांच्या कल्याणासाठी नैवेद्य दे. ती नाही म्हणाली. बाप तरीही मधे पडू लागला, तेव्हा त्याला छडीने मारायचा हुकूम झाला. ती लिहिते, मलाच मारल्यासारखं लागलं.

शिक्षा ठरल्यावर तिने बाळासाठी डीकनाला वडिलांकडे पाठवलं. वडिलांनी बाळ दिलं नाही. पण त्यानंतर बाळाने अंगावरचं मागितलं नाही आणि तिच्याही छातीला दूध दाटून ठणका लागला नाही. ज्या बायकांनी तान्ह्याला अचानक तोडलं आहे त्यांना कळेल की ही ओळ बाईच लिहू शकते.

वर्गात दर वेळी कुणीतरी विचारतं की तिने बाळाचा विचार करायला नको होता का. तिने केला होता, पानोपानी केला होता. हा प्रश्न तिच्या बापानेही विचारला होता आणि त्याच्याबद्दल तिच्या लिखाणात एकही कडवट शब्द नाही. मला व्यक्तिशः त्या म्हाताऱ्याचं दुःख तिच्या धैर्याइतकंच मोठं वाटतं, आणि ते तिने लपवलं नाही म्हणून तिच्यावर विश्वास बसतो.

आणि फेलिसितास?

ती गुलाम होती, आठ महिन्यांची गरोदर. गरोदर बाईला देहदंड द्यायला कायद्याने मनाई होती, म्हणून तिला भीती ही की आपण मागे राहू आणि पुढे कधीतरी अनोळखी गुन्हेगारांबरोबर एकट्याच मरू. सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली आणि वेळेआधीच कळा सुरू झाल्या. ती कण्हायला लागली तसा एक पहारेकरी म्हणाला, आत्ताच असं ओरडतेस, जनावरांपुढे काय करशील? ती म्हणाली, आता जे सोसते आहे ते मी सोसते. तिथे माझ्यात दुसरा कुणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल, कारण मीही त्याच्यासाठी सोसणार आहे. मुलगी झाली. मंडळीतल्या, म्हणजे ख्रिस्ती समाजातल्या, एका बहिणीने तिला आपली म्हणून वाढवलं.

७ मार्च २०३, सम्राटपुत्र गेटाच्या वाढदिवसाचे खेळ. त्या दोघींवर रानटी गाय सोडली. पर्पेतुआने फेकली गेल्यावर फाटलेला अंगरखा मांडीवर ओढून घेतला, मग पिन शोधून सुटलेले केस बांधले, कारण मोकळे केस हे सुतकाचं लक्षण आणि हा तिच्या लेखी सुतकाचा दिवस नव्हता. उठून तिने फेलिसितासला हात देऊन उभं केलं. मालकीणवर्गातली बाई आणि गुलाम बाई, हातात हात. शेवटी नवख्या तलवारबाजाचा हात कापत होता, तो तिने स्वतः धरून आपल्या गळ्यापाशी नेला.

तुरुंगात त्यांना खायला कोण द्यायचं?

बाहेरचे. रोमन तुरुंगात कैद्याचं पोट भरणं ही मुख्यतः घरच्यांची जबाबदारी. म्हणून डीकन रोजचे फेरे मारत, पहारेकऱ्यांना पैसे देत, भाकरी, कपडे, निरोप पोचवत. ख्रिस्त्यांची टवाळी करणाऱ्या लुसियन नावाच्या लेखकानेही हे टिपलं आहे: त्यांच्यातला एकजण कैदेत पडला तर पहाटेपासून म्हाताऱ्या विधवा आणि पोरकी मुलं तुरुंगाच्या दाराशी बसलेली. त्याला ते हास्यास्पद वाटलं. टिकाव कुठून येत होता याचा इतका चांगला पुरावा मित्राने दिला नसता, तो थट्टेखोराने दिला.

खाणींची शिक्षा त्याहून वाईट. २५७ नंतर रोमन आफ्रिकेतल्याच न्युमिडिया भागातल्या नऊ बिशपांना आणि त्यांच्याबरोबर कितीतरी सामान्य लोकांना खाणीत धाडलं. पायात बेड्या, अर्धं डोकं भादरलेलं, जमिनीवर झोप, भाकरी अपुरी. सिप्रियानने त्यांना पत्रांबरोबर पैसेही पाठवले. त्यांची आभाराची उत्तरं आज वाचायला मिळतात.

सगळेच असे खंबीर होते का?

छे. २५० साली तर बहुसंख्य मोडले.

डेसियसचा हुकूम असा की साम्राज्यातल्या प्रत्येकाने देवांना नैवेद्य द्यायचा, प्रसाद खायचा आणि स्थानिक समितीकडून तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या कोरड्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले मिळाले आहेत. एकाची तारीख २६ जून २५०. अर्जदार ऑरेलियस डायोजेनिस, वय ७२, उजव्या भुवईवर व्रण. मी देवांना नेहमीच नैवेद्य देत आलो आहे आणि आता तुमच्यासमोर हुकुमाप्रमाणे दिला, मद्य ओतलं, प्रसाद चाखला, तरी आपण खाली सही करावी ही विनंती. आपल्याकडच्या पासपोर्टच्या जुन्या फॉर्मवर "ओळखीची खूण" असा रकाना असायचा, तो आठवतो. सतराशे पंचाहत्तर वर्षं झाली, सरकारी अर्जाची भाषा फारशी बदललेली नाही.

हा डायोजेनिस ख्रिस्ती असेलच असं नाही. मगरदेवतेच्या एका पुजारणीलाही असा दाखला घ्यावा लागला होता. सगळ्यांनाच रांगेत उभं केलं, म्हणजे जो रांगेत नाही तो आपोआप दिसला.

कार्थेजचा बिशप सिप्रियान तिथलं वर्णन करतो. लोक कुणी ओढायच्या आतच चौकाकडे धावले. गर्दी इतकी की संध्याकाळी अधिकारी म्हणाले, उरलेले उद्या या, आणि लोक विनवू लागले, आजच घ्या. काहींनी तान्ही मुलंही नेली. काहींनी नैवेद्य दिला, काहींनी नुसता धूप टाकला. काही हुशार निघाले: प्रत्यक्ष काहीच न करता चिरीमिरी देऊन फक्त दाखला मिळवला. हातही स्वच्छ, कागदही तयार!

मग अशा लोकांचं पुढे काय झालं? वाळीत टाकलं?

काहींना तसंच हवं होतं. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, एकदा गेला तो गेला, मंडळीला त्याला क्षमा करायचा अधिकार नाही. उलट टोकाला, छळ सोसून तुरुंगात बसलेले कबुलीवीर मोडलेल्यांना सर्रास क्षमापत्रं वाटू लागले. जो यातना सोसून टिकला त्याच्या शब्दाला वजन होतं. मात्र काही पत्रांवर नाव एकाचं आणि पुढे "व त्याची माणसं" असं मोघम लिहिलेलं असायचं. सिप्रियान वैतागून विचारतो, किती माणसं? वीस? तीस? मुक्त केलेले गुलाम आणि घरचे नोकरसुद्धा धरायचे?

२५१ मध्ये आफ्रिकेतल्या बिशपांची सभा बसली आणि प्रत्येक प्रकरण वेगळं बघायचं ठरलं. नुसता दाखला घेतलेल्यांना प्रायश्चित्तानंतर घ्यायचं, प्रत्यक्ष नैवेद्य दिलेल्यांना मृत्युशय्येवर. मग दीडदोन वर्षांत नवा छळ येतोय अशी चिन्हं दिसली तेव्हा पुन्हा सभा भरली आणि प्रायश्चित्त करत असलेल्या सगळ्यांनाच परत घेतलं. कारण अगदी व्यवहारी: लढाईला पाठवायचं तर उपाशी पोटी कसं पाठवायचं?

माझं मत विचाराल तर या काळातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच. मरण पत्करणाऱ्याचं कौतुक कुणीही करील. शेजारच्या बाकावर दाखलेवाला येऊन बसला, आणि आपला भाऊ त्याच हुकुमापायी तुरुंगात मेलेला, तेव्हा त्याच्या हाताला हात लावून शांती द्यायची, हे सोसणं कुठल्याच संतचरित्रात मावत नाही.

सिप्रियान स्वतः तर पळून गेला होता ना?

हो. २५० मध्ये तो लपला आणि लपल्या जागेवरून पत्रं लिहून मंडळी चालवली. टोमणे त्याला तेव्हाही मिळाले, रोमहून आलेल्या एका पत्रात तर चांगलेच. त्याचं म्हणणं, मी शहरात राहिलो असतो तर जमाव आणखी भडकला असता. यावर विश्वास ठेवायचा की नाही ते लोकांनी पुढची आठ वर्षं बघून ठरवलं.

मधे साथ आली. माणसं नातेवाइकांनाही रस्त्यावर टाकत होती. त्याने आजाऱ्यांच्या सेवेची व्यवस्था लावली आणि ती फक्त आपल्या माणसांपुरती ठेवू नका असं बजावलं. न्युमिडियात लुटारूंनी ख्रिस्ती बायापुरुष पळवले, तेव्हा कार्थेजच्या मंडळीने एक लाख सेस्टर्स (रोमन नाणी) जमवून खंडणीला पाठवले आणि वर कळवलं, पुन्हा गरज पडली तर सांगायला संकोच करू नका.

२५७ मध्ये त्याला कुरुबिस नावाच्या गावी हद्दपार केलं. वर्षभराने परत आणून पकडलं. ती रात्र त्याने एका अधिकाऱ्याच्या घरी काढली आणि बाहेर रस्त्यावर सगळी मंडळी जागत बसली. त्याचा निरोप आला तो एवढाच की मुलींना नीट सांभाळा. १४ सप्टेंबर २५८ रोजी सुभेदार गालेरियुस माक्सिमुसने शिक्षा वाचली. सिप्रियान म्हणाला, देवाचे आभार. त्याने झगा काढला, गुडघे टेकले, आणि मारेकऱ्याला पंचवीस सोन्याची नाणी द्यायला सांगितलं. लोकांनी त्याच्यापुढे कापडं अंथरली. रात्री मेणबत्त्या आणि मशाली घेऊन त्याला मातीत दिलं, उघडपणे, वाजतगाजत म्हणावं तसं.

काही जण मुद्दाम मरायला जात होते हे खरं का?

खरं आहे, आणि मंडळीला ते बहुतांशी पसंत नव्हतं. आशिया प्रांतातली एक गोष्ट तेर्तुल्यान सांगतो: गावचे सगळे ख्रिस्ती सुभेदारापुढे येऊन उभे राहिले. त्याने थोडे ठेवून घेतले आणि बाकीच्यांना म्हणाला, अभाग्यांनो, मरायचंच असेल तर डोंगरकडे आहेत, दोर आहेत! स्मर्न्यात क्विंटस नावाचा एकजण स्वतःहून पुढे झाला आणि जनावर बघताच कच खाऊन धूप टाकून आला. तिथला बिशप पॉलिकार्प याच्या मरणाची हकिगत लिहिणाऱ्याने हे मुद्दाम नोंदवलं आहे.

भुयारात लपून उपासना करायचे ना?

रोमची ती भुयारं दफनभूमी होती. तिथे प्रार्थना होत, स्मृतिदिन पाळत, पण लपायची जागा म्हणून त्यांचा काही उपयोग नव्हता, कारण ती सगळ्यांना ठाऊक होती. उपासना घरांत व्हायची.

किती जण मारले गेले?

लोक समजतात त्यापेक्षा बरेच कमी. पॅलेस्टाईनमध्ये शेवटच्या मोठ्या छळात, म्हणजे ३०३ ते ३११ मध्ये मारल्या गेलेल्यांची नावनिशीवार हकिगत इतिहासकार युसेबियसने लिहिली. ती शंभरीच्या आत आहे. खाणीत गेलेले, डोळा किंवा पाय गमावलेले वेगळे. मला हे आकडे लहान असल्याचा कमीपणा वाटत नाही.

रक्तसाक्षी म्हणायचं की हुतात्मा?

मराठीत दोन्ही चालतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ साधा "साक्षीदार" असा आहे, कोर्टात उभा राहतो तसा. त्या हिशेबाने रक्तसाक्षी अधिक जवळचा. "हुतात्मा" म्हटलं की मुंबईकराला चौक आठवतो. आपल्या मातीतला रक्तसाक्षी हवा असेल तर वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया आहे. फ्रान्सिस्कन बंधू, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत पंचवीस जणांबरोबर क्रुसावर गेला. पण ती जपानची गोष्ट आहे, वेगळी आणि मोठी.

डायोक्लेशियनच्या काळात पुस्तकं का मागत होते?

कारण तोवर सरकारला कळलं होतं की ही मंडळी पुस्तकांवर उभी आहे. हुकूम असा: चर्च पाडा, पवित्र ग्रंथ जाळा. सिर्ता शहरातल्या, म्हणजे आजच्या अल्जिरियातल्या कॉन्स्टंटिनमधल्या, १९ मे ३०३ च्या झडतीची सरकारी नोंद उरली आहे. माझ्या मते या संपूर्ण काळातला सर्वांत जिवंत कागद तो.

नगराचा प्रमुख फेलिक्स आपल्या माणसांसह आला. बिशप पौलुस बसलेला होता. यादी सुरू झाली: सोन्याचे पेले दोन, चांदीचे सहा, चांदीचे दिवे सात. मग बायकांचे अंगरखे ८२, ओढण्या ३८, पुरुषांचे अंगरखे १६, पुरुषांची पायताणं १३ जोड, बायकांची ४७ जोड. वाचताना सोन्याचांदीवरून नजर घसरते आणि त्या ४७ जोडांवर थांबते. हे कपडे नि जोडे गरिबांना वाटायचे असणार, विधवांना मुख्यतः. म्हणजे चर्चचा खजिना बराचसा चपलांचा होता.

पुस्तकांच्या कपाटात मात्र काही नव्हतं. ग्रंथ वाचकांच्या, म्हणजे उपासनेत ते वाचून दाखवणाऱ्यांच्या, घरी होते. दोन उपडीकनांनी एक मोठा ग्रंथ आणून दिला. बाकीचे कुठे? वाचकांकडे. त्यांची नावं सांगा. ते म्हणाले, आम्ही फितूर नाही, हे आम्ही उभे आहोत, मारायचं तर मारा. त्यांना अटक झाली. पण कचेरीतल्या कारकुनांना सगळ्यांची घरं माहीत होती. मग दारोदार फेरी: एकाकडे चार ग्रंथ, फरशीकाम करणाऱ्या फेलिक्सकडे पाच, दुसऱ्याकडे आठ. कोद्देओ नावाचा एकजण घरी नव्हता, त्याच्या बायकोने सहा काढून दिले. घराची झडती घेतली, आणखी सापडले नाहीत.

पुस्तकं देणं इतका मोठा गुन्हा होता का?

त्यांच्या लेखी होता. देणाऱ्याला "त्रादितोर" म्हणत, हवाली करणारा. प्रभूला हवाली करणाऱ्या यहूदासाठी जो शब्द, तोच. अबितिना गावचे ४९ जण ३०४ मध्ये कार्थेजच्या सुभेदारापुढे उभे राहिले, गुन्हा हा की बंदी असताना रविवारची उपासना केली. सभा एमेरितुसच्या घरी भरली होती. लोकांना अडवलं का नाहीस, असं विचारल्यावर तो म्हणाला, ते माझे भाऊ आहेत; आणि प्रभूच्या त्या भोजनावाचून आम्हाला राहता येत नाही. गंमत अशी की त्यांच्याच गावच्या बिशपाने आधी ग्रंथ देऊन टाकले होते.

कार्थेजचा बिशप मेन्सुरियुस याने वेगळीच शक्कल लढवली. पाखंडी मतांची पुस्तकं चर्चमध्ये ठेवली आणि शिपायांना ती नेऊ दिली. काहींना हे चातुर्य वाटलं, काहींना लबाडी.

छळ थांबल्यावर तरी सगळे एक झाले असतील?

नाही, तेव्हाच फुटले. ३० एप्रिल ३११ ला मरणाला टेकलेल्या सम्राट गालेरियसने छळ थांबवला, आणि ख्रिस्त्यांनी आपल्यासाठी प्रार्थना करावी असंही त्याच हुकुमात म्हटलं. ३१३ मध्ये जप्त केलेली मालमत्ता परत द्यायचं ठरलं. आणि कार्थेजला प्रश्न उभा राहिला: नवा बिशप सेसिलियन याला हात ठेवून नेमणारा स्वतः ग्रंथ देणारा होता का? असेल तर ती नेमणूक बाटली का? एका बाजूने दुसरा बिशप निवडला. पुढे दोनातुसच्या नावाने ओळखला गेलेला हा तंटा शंभर वर्षांहून जास्त चालला. काही वर्षांतच ख्रिस्ती सम्राटाचे शिपाई कार्थेजमध्ये ख्रिस्त्यांवरच चालून गेले.

सिर्ताच्या त्या नोंदीचं पुढे काय झालं?

ती सतरा वर्षांनी कोर्टात आली. त्या झडतीच्या दिवशी सिल्वानुस नावाच्या उपडीकनाने रांजणामागून एक चांदीची पेटी आणि चांदीचा दिवा काढून दिला होता. त्यावर दप्तरी लिहिलेलं आहे की एकजण त्याला म्हणाला, हे सापडलं नसतं तर मेला होतास. तोच सिल्वानुस पुढे सिर्ताचा बिशप झाला, तेही ग्रंथ देणाऱ्यांना न मानणाऱ्या पक्षाचा. ३२० मध्ये त्याच्या विरोधकांनी प्रकरण सुभेदार झेनोफिलसपुढे नेलं.

साक्षीला व्हिक्टर नावाचा व्याकरणाचा शिक्षक आला. ३०३ मध्ये त्याच्याकडून दोन ग्रंथ आणि चार सुटे गठ्ठे गेले होते. त्याने सांगितलं, आम्ही डोंगरावर पळून गेलो होतो. मी घरी नसताना शिपाई आले, परतलो तेव्हा ग्रंथ नेलेले होते. मग जुनी नोंद मोठ्याने वाचली गेली. त्या नोंदीत व्हिक्टर घरीच आहे. नगरप्रमुख फेलिक्स म्हणतो, आणखी असतील, आण. आणि व्हिक्टर उत्तर देतो, असते तर दिले असते.